दहा ओळींतला माणूस

माणूस गेल्यावर मागे काय उरते, या प्रश्नाला संतांनी एक उत्तर दिले आहे, तत्त्वज्ञांनी दुसरे. कोशकाराचे उत्तर सगळ्यांत छोटे असते. त्याच्या लेखी दहा ओळी उरतात. माणूस फार मोठा असला तर दोन पाने, मध्यम असला तर परिच्छेद, आणि बाकीच्यांचे काहीच नाही. जन्म, मृत्यू, गाव, शिक्षण, केलेली कामे, लिहिलेली पुस्तके. नावापुढे कंसात दोन साले आणि त्या दोन सालांच्या मधे एक आडवी रेघ. सगळे जगणे त्या रेघेत!

मी तळेगाव दाभाड्यात राहतो, कविता लिहितो. इतिहासाचा प्राध्यापक नाही, बी. ए. पर्यंत शिकलेला माणूस आहे. पण चरित्रकोश वाचायचा मला नाद आहे. इतर लोक कोशात शब्द शोधतात, मी माणसे शोधतो. या छोट्या नोंदींविषयीच आज बोलायचे आहे. त्या कोणी लिहिल्या, त्यांत काय येते, काय सुटते, आणि सुटल्याची किंमत कोण मोजतो.

महाराष्ट्रात हे काम जुने आहे. तेव्हाच्या औरंगाबादेत १७५२ साली हमीद औरंगाबादी यांनी ‘गुलशन-ए-गुफ्तार’ हा उर्दू कवींचा तजकिरा लिहिला. तजकिरा म्हणजे कवींच्या छोट्या ओळखी आणि त्यांचे काही शेर. त्यानंतर दहाच वर्षांनी, १७६२ साली, आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या ताहराबादच्या महिपतींनी ‘भक्तविजय’ पुरा केला. त्यात ओवीबद्ध संतचरित्रे आहेत, आणि त्यांत कबीरही आहे. एक ग्रंथ फारसीत, दुसरा मराठीत. दोन्ही लेखकांची तळमळ मात्र एकच होती. आपल्या आधी होऊन गेलेल्यांची नावे पुसली जाऊ नयेत.

छापखाना आल्यावर या कामाला आजचे रूप आले. जनार्दन रामचंद्रजींचे ‘कविचरित्र’ १८६० साली निघाले. रघुनाथ भास्कर गोडबोले यांनी १८७६ साली प्राचीन काळाचा आणि १८८१ साली अर्वाचीन काळाचा कोश काढला. आणि मग पुण्यात सिद्धेश्वरशास्त्री चित्राव उभे राहिले. ऋग्वेदाचे मराठी भाषांतर करणारा हा पंडित माणसांच्या नोंदी जमवायला बसला. प्राचीन चरित्रकोश १९३२ साली, मध्ययुगीन १९३७ साली आणि अर्वाचीन १९४६ साली. ऋषींपासून थेट १९४५ पर्यंतची माणसे तीन जाडजूड ग्रंथांत. तेव्हा संगणक नव्हता. हाताने लिहायचे, हाताने लावायचे आणि मुद्रिते तपासायची. केतकरांच्या ज्ञानकोशाचे तेवीस खंड त्याच्या थोडे आधीचे, आणि वाईहून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादनाखाली निघालेल्या मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ सालचा. या सगळ्या माणसांचे आपल्यावर ऋण आहे. पुढे मी जे काही बोलणार आहे, ते या ऋणाची जाणीव ठेवूनच.

आता आमच्या गावाकडे येऊ. तळेगाव हे दाभाडे सरदारांचे गाव. खंडेराव दाभाडे यांना शाहू महाराजांनी १७१७ साली सेनापतिपद दिले. १७२९ साली ते वारले. पद त्यांचा मुलगा त्रिंबकराव याच्याकडे आले. गुजरातच्या कारभारावरून त्रिंबकराव आणि पहिले बाजीराव पेशवे यांचे बिनसले आणि १ एप्रिल १७३१ रोजी डभईजवळ दोघांची लढाई झाली. तीत त्रिंबकराव मारले गेले.

ही एकच घटना कोशात दोन ठिकाणी येणार. बाजीरावांच्या नोंदीत ती एक वाक्य असते. त्रिंबकराव दाभाड्यांचा पराभव केला, पुढे चला. त्रिंबकरावांच्या नोंदीत तेच शेवटचे वाक्य असते. एका माणसाच्या आयुष्यातला मधला थांबा हा दुसऱ्याच्या आयुष्याचा शेवट. आणि क्रियापद कोणते घालायचे? ‘मारले गेले’, ‘धारातीर्थी पडले’, की ‘पराभूत झाले’? तिन्ही क्रियापदे खोटी नाहीत. पण तळेगावातला माणूस एक निवडील आणि पुण्यातला दुसरे. दहा ओळींत मत मांडायला जागा नसते असे म्हणतात. अहो, क्रियापद निवडले की मत मांडून झाले!

त्यानंतर येतात उमाबाई. खंडेरावांची पत्नी, त्रिंबकरावांची आई. मुलगा गेल्यावर शाहू महाराजांनी धाकट्या यशवंतरावाला सेनापती केले, पण कारभार उमाबाईंच्या हाती होता. १७३२ साली त्या स्वतः फौज घेऊन अहमदाबादेवर गेल्या. बडोद्याचे गायकवाड तेव्हा दाभाड्यांचे मुतालिक होते. वणीच्या सप्तशृंगी गडाच्या पायऱ्या उमाबाईंनी बांधवल्या. पुढे ताराबाईंच्या बाजूने त्या नानासाहेब पेशव्यांच्या विरोधात गेल्या आणि १७५१ साली दाभाडे कुटुंबाला कैद सोसावी लागली. १७५३ साली उमाबाई वारल्या. त्यांची समाधी तळेगावात बनेश्वराच्या देवळापाशी आहे.

आता यांची नोंद कशी सुरू करायची? ‘सेनापती खंडेराव दाभाडे यांची पत्नी’ अशी एक सुरुवात. ‘मराठ्यांच्या सेनापतिपदाचा कारभार चालवणारी स्त्री’ अशी दुसरी. दोन्ही वाक्ये खरी आहेत. पण पहिल्या वाक्यात वाचक आधी खंडेरावांना भेटतो आणि मग त्यांच्या मागे उभ्या असलेल्या बाईंना. अहमदाबादेवर चालून गेलेल्या बाईला स्वतःच्या नोंदीतही दुसऱ्या ओळीत उभे राहावे लागते. पहिल्या वाक्याने माणसाची जागा ठरते. पंगतीत कुठे बसवले, यावर पाहुण्याचा मान कळतो, तसेच हे.

हा अनुभव थोडाफार मलाही आहे. कविसंमेलनाला बोलावणे आले की सोबत निरोप असतो, तीन ओळींत अल्प परिचय पाठवा. मी पाठवतो. नाव, गाव, दोन संग्रहांची नावे. व्यासपीठावर सूत्रसंचालक तो कागद हातात घेतात, बाजूला ठेवतात आणि मनाने सांगतात, “हे मुस्लिम असूनही इतकी सुंदर मराठी कविता लिहितात.” टाळ्या पडतात. सांगणाऱ्याच्या मनात पाप नसते, मला ठाऊक आहे. पण ते ‘असूनही’ माझ्या कानात खडा अडकावा तसे अडकून बसते. माझी आई मावळी मराठीत रागवायची, त्याच मराठीत लाड करायची. मग ‘असूनही’ कशाला? तीन ओळींच्या परिचयात एका शब्दाने मला पाहुणा करून टाकले की नाही! व्यासपीठावरचा शब्द हवेत विरतो. कोशातला पन्नास वर्षे राहतो, आणि त्यावरून पुढची दहा पुस्तके लिहिली जातात. म्हणून कोशातल्या पहिल्या विशेषणाला मी फार जपतो. हमीद दलवाईंचेच बघा. १९३२ साली चिपळूणजवळच्या मिरजोळीत जन्मलेला हा माणूस १९७७ साली गेला. ‘इंधन’ कादंबरी लिहिणारा, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारा. ‘समाजसुधारक’ आधी लिहिले की कथाकार मागे पडतो. ‘कथाकार’ आधी लिहिले की त्यांनी अंगावर घेतलेला रोष मागे पडतो. दोन्हींपैकी काय आधी, हे लिहिणाऱ्याला ठरवावेच लागते.

नाव कुठल्या अक्षराखाली घालायचे, हाही एक पेच. आपल्याकडे आडनाव आधी लावून यादी करतात. संतांना मात्र नावानेच ठेवतात. ज्ञानेश्वरांना कुणी ‘कुलकर्णी’ खाली शोधत नाही. मुस्लिम नावांपाशी ही शिस्त अडखळते. श्रीगोंद्याचे शेख महंमद, ‘योगसंग्राम’ लिहिणारे, यांचे ‘शेख’ पुढे. शाहीर अमर शेख यांचे ‘शेख’ मागे. आणि अमर शेखांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल. १९१६ साली बार्शीत जन्मले, संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत ज्यांच्या आवाजाने मैदाने भरली, १९६९ साली अपघातात गेले. त्यांना ‘अ’ खाली शोधायचे, ‘श’ खाली की ‘प’ खाली? ज्याला तीन ठिकाणी शोधावे लागते, तो घाईतल्या वाचकाला एकाही ठिकाणी सापडत नाही.

राजकारणी माणसांच्या नोंदींचा आणखी वेगळा प्रकार. विधानसभेची निवडणूक झाली की विधानमंडळ सदस्यांचा संक्षिप्त परिचय पुस्तकरूपाने काढते. त्यात रकाने ठरलेले. जन्म, जन्मठिकाण, शिक्षण, ज्ञात भाषा, वैवाहिक माहिती, अपत्ये, व्यवसाय, पक्ष, मतदारसंघ, इतर माहिती, छंद. व्यवसायापुढे बहुधा ‘शेती’, छंदापुढे बहुधा ‘वाचन’. वाचून हसू येते, पण हे पुस्तक मला मोलाचे वाटते. तिथे मंत्री आणि पहिल्यांदा निवडून आलेला सदस्य यांना सारखेच रकाने मिळतात. अडचण रकान्यांच्या संख्येची आहे. तळेगावचे कृष्णराव भेगडे १९७२ साली जनसंघाकडून मावळचे आमदार झाले, पुढे काँग्रेसमध्ये गेले, तालुक्यातल्या शिक्षणाच्या कामात आयुष्य घातले आणि २०२५ साली वारले. ‘पक्ष’ हा रकाना एकाच शब्दाचा. त्या त्या निवडणुकीच्या पुस्तकात त्या त्या वेळचे उत्तर बरोबर असते. एका पक्षातून दुसऱ्या पक्षात माणूस का जातो, त्या रात्री घरात काय बोलणे होते, याला रकाना नाही. आणि शाळा काढली हे सारे ‘इतर माहिती’त.

ही ‘इतर माहिती’ पाहिली की मला सातबारा आठवतो. आमच्या मावळात सातबारा न पाहिलेला माणूस विरळा. त्यात मालकाचे नाव वर ठसठशीत असते आणि एका बाजूला ‘इतर हक्क’ असा रकाना. कूळ तिथे, बोजा तिथे, आणि कितीतरी घरांतल्या बहिणींची नावेही तिथेच. चरित्रकोशालाही असा एक न छापलेला ‘इतर हक्क’ असतो. अंताजी दामोदर काळे हे नाव घ्या. गावोगाव फिरून माणशी एक पैसा मागून या गृहस्थाने ‘पैसाफंड’ उभा केला. लोकमान्य टिळकांनी त्या कामाला पाठबळ दिले आणि १९०८ साली तळेगावात पैसाफंडाचा काच कारखाना सुरू झाला. परदेशात ही विद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनी तो उभा करायला हातभार लावला. इथे शिकलेले कारागीर देशभरातल्या काच कारखान्यांत गेले. टिळकांची नोंद सगळीकडे, काळ्यांची काही ठिकाणी. आणि धगधगत्या भट्टीपुढे उभे राहून लोखंडी नळीने काच फुंकणारे? कंदिलाच्या काचेत ज्यांचा श्वास होता, ते सगळे ‘इतर हक्क’मध्ये.

शिक्षणाच्या रकान्याचीही गंमत सांगतो. तळेगावात राहिलेले गो. नी. दांडेकर, आमचे आप्पा, १९१६ ते १९९८. ‘पवनाकाठचा धोंडी’ त्यांचा. शिक्षण? सातवीपर्यंत. तेराव्या वर्षी स्वातंत्र्याच्या ओढीने घर सोडले. रकान्यात ‘सातवी’ एवढेच उमटते. पायी पालथा घातलेला महाराष्ट्र त्यात मावत नाही. याउलट विष्णु गोविंद विजापूरकर, १८६३ ते १९२६. कोल्हापुरात प्राध्यापक, ‘ग्रंथमाला’ मासिकाचे संपादक. ‘विश्ववृत्त’ मासिकातल्या एका लेखावरून त्यांना तुरुंगात जावे लागले आणि त्यांचे तळेगावातले समर्थ विद्यालय १९१० साली सरकारने बंद पाडले. ‘शाळा काढली, बंद पडली’ एवढे लिहिले तर अपयशी माणूस दिसतो. ‘सरकारने बंद पाडली’ लिहिले की खरा माणूस दिसतो. एका शब्दाचा फरक.

आतापर्यंत काय सुटते ते सांगितले. आता त्याहून अवघड गोष्ट. सुटलेले भरून काढायच्या घाईत काय होते? फातिमा शेख यांचे उदाहरण माझ्या जिव्हाळ्याचे आहे. सावित्रीबाई फुले आजारपणात माहेरी नायगावला होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिले. त्यात फातिमाचा उल्लेख आहे. आपल्यामागे तिला त्रास पडत असेल, पण ती कुरकूर करणार नाही, अशा आशयाचा. एवढी एक ओळ. माझ्या मते ही ओळ सोन्याची आहे. जिच्या कामाची सावित्रीबाईंना माहेरी आजारी असताना आठवण होते, ती बाई कोण असेल!

पण एका ओळीवर कुणाचे समाधान होईना. ९ जानेवारी १८३१ ही जन्मतारीख फिरू लागली. तिला त्या काळातला पुरावा नाही. २०२२ साली त्या दिवशी गूगलने फातिमांचे चित्र आपल्या पानावर लावले. जयंत्या साजऱ्या झाल्या, भाषणे झाली. आणि २०२५ साली उलटे वारे सुटले. फातिमा शेख नावाची बाई झालीच नाही, ती मनाने रचलेली आहे, असा दावा झाला. बघा काय झाले. प्रेमाने भरलेली तारीख डळमळली, तेव्हा लोकांनी तारखेबरोबर बाईलाच खोडायला घेतले. पत्र होते तिथेच होते. पण गोंगाटात ते कोण वाचतो? ज्यांच्या वाट्याला मुळात एकच ओळ आली आहे, त्यांच्या नोंदीत पुराव्यावाचून दुसरी ओळ घालणे हे उपकार नाहीत. पहिली ओळही त्यात जाते. श्रीमंताच्या वहीत एक खोटा आकडा खपून जातो, गरिबाच्या वहीत एक खोटा आकडा सापडला की सगळी वही फेकून देतात.

या बाबतीत जुने लोक आपल्यापेक्षा कडक होते. तेराव्या शतकात दमास्कसला इब्न खल्लिकान नावाचे काझी होऊन गेले. त्यांनी अरबीत मोठा चरित्रकोश लिहिला आणि स्वतःला एक नियम घालून घेतला. ज्याचे मृत्यूचे साल खात्रीने मिळेल, त्याचीच नोंद घ्यायची. कितीतरी नामवंत त्यामुळे बाहेर राहिले असतील. पण आत जे आले, त्यांच्यावर विश्वास ठेवता येतो. त्याच्याही चारशे वर्षे आधी इब्न साद यांनी पैगंबरसाहेबांच्या सोबत्यांची चरित्रे लिहिली, तेव्हा एक अख्खा भाग स्त्रियांना दिला. आणि या साऱ्या परंपरेत एक पद्धत होती. गोष्ट सांगायची तर आधी सांगायचे की ती मला कोणी सांगितली, त्याला कोणी सांगितली. साखळी तुटली तर गोष्ट कच्ची. धर्माच्या अभ्यासासाठी घडलेली ही पद्धत इतिहासाच्या वहीलाही तितकीच कामाची आहे.

कोश चुकतात, तसे ते सुधारतातही. इंग्रजांचा ‘डिक्शनरी ऑफ नॅशनल बायोग्राफी’ हा नामांकित कोश १८८५ पासून निघू लागला. १९९३ साली त्याच कोशाच्या लोकांनी एक पुरवणी खंड काढला. नाव ठेवले ‘मिसिंग पर्सन्स’, राहून गेलेली माणसे. आमच्याकडून सुटली, आता घेतो, असे त्यांनी छापून सांगितले. त्याने कोशाची अब्रू गेली नाही. उलट भरवसा वाढला.

असा एक राहून गेलेल्यांचा खंड आपल्याला गावपातळीवर काढता येईल. त्याला सरकार नको, अनुदान नको. तळेगावात आजही अशी घरे सापडतील, जिथे आजोबा काच कारखान्यात होते. शेजारच्या गल्लीत एखाद्या जुन्या शाळेतल्या बाई असतील, बाजारात पिढ्यान्‌पिढ्या कल्हई करणारे असतील, ताबूत आणि पालखी या दोन्हींत खांदा देणारे असतील. नववी-दहावीच्या मुलांना सुट्टीत एवढे काम द्यावे. एका माणसाच्या दहा ओळी. पहिली ओळ त्या माणसाच्या कामाने सुरू करायची, कुणाचा मुलगा किंवा कुणाची बायको याने नाही. नाव त्याला हाक मारत तसे लिहायचे आणि कागदावरचे नावही शेजारी द्यायचे. ऐकीव असेल तर ‘ऐकीव’ म्हणून लिहायचे. जन्मसाल सापडले नाही तर रकाना कोरा ठेवायचा. कोरा रकाना पुढच्या माणसाला शोधायला बोलावतो, खोटा भरलेला रकाना त्याला परत पाठवतो.

आणि प्रत्येक नोंदीच्या खाली आणखी एक ओळ हवी, अकरावी. ही माहिती कोणी सांगितली, कोणत्या दिवशी सांगितली. सांगणारी एखादी ऐंशी वर्षांची आजी असेल. आजवर कुठल्याही पुस्तकात तिचे नाव आलेले नसेल. त्या अकराव्या ओळीत ते येईल.